स्वस्त गाडीवरील फिर्याद

परवडणाऱ्या किमतीची छोटी एसयूव्ही पाच वर्षे बरी चालते आणि सहाव्या वर्षापासून मालकाला खाऊ लागते, म्हणून शहाण्या माणसाने वॉरंटी संपायच्या आत ती विकून मोकळे व्हावे, हे मत आपल्या मध्यमवर्गीय समाजात इतके रुजले आहे की त्याला पुरावा मागण्याची गरजसुद्धा आता कोणाला वाटत नाही. लग्नाच्या पंक्तीत, सोसायटीच्या वार्षिक सभेत, दवाखान्याच्या बाकावर, जेथे म्हणून दोन वाहनधारक शेजारी बसतात तेथे हे मत, मूळ सही कोणाची हे न पाहता हातोहात फिरणाऱ्या हुंडीसारखे, एकाकडून दुसऱ्याकडे जाते. सांगणाऱ्याची स्वतःची गाडी बहुधा तीन वर्षांची असते. ज्याची गाडी ‘गेली’ तो त्याच्या मेहुण्याचा मित्र असतो. आणि त्या गाडीचे नेमके काय गेले असे विचारले तर उत्तर येते, ‘काय जायचं राहिलं ते विचारा!’ या उत्तरावर हसू येते हे खरे. पण घर सोडले तर आयुष्यातली सर्वांत मोठी खरेदी ज्या वाहनाची असते, त्याच्या दीर्घायुष्याचा निवाडा असा एका विनोदी वाक्यावर होत असेल, तर त्याचा प्रतिवाद करणे भाग आहे.

विरुद्ध पक्षाचे म्हणणे पातळ करून मांडण्याची माझी इच्छा नाही. ते त्याच्या पूर्ण आवेशानिशी पुढे ठेवतो. स्वस्त गाडी बनवताना कंपनी कोठेतरी हात आखडता घेतेच, आणि तो आखडलेला हात वॉरंटीची मुदत सरल्यावर दिसू लागतो: क्लच आधी जड होतो, मग घसरू लागतो, पुढचे बुश आणि लिंक रॉड खडखडतात, टायमिंग बेल्टचा खर्च अंगावर येतो, एसीची कूलिंग कॉइल गळते, डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि तो का लागला हे सर्व्हिस सेंटरलाही धड सांगता येत नाही. त्यात कंपनी परदेशी असली तर ती एके दिवशी गाशा गुंडाळते आणि सुटे भाग मिळेनासे होतात. याउलट अमुक एका कंपनीची गाडी घ्या, तिला काहीच होत नाही. किंवा ऐपत असेल तर मोठी जर्मन गाडी घ्या, कारण ती ‘बनवलेलीच वेगळी’ असते. या फिर्यादीत आरोपीच्या पिंजऱ्यात बहुधा रेनॉची जुनी डस्टर आणि फोर्डची इकोस्पोर्ट उभ्या केल्या जातात. ही निवड सोयीची आहे, कारण त्या गाड्यांचे उत्पादन येथे थांबून काळ लोटला असून त्यांचे वकीलपत्र घेण्यात कोणत्याही विक्रेत्याचा आता फायदा उरलेला नाही. विक्रेता गप्प असताना मी बोलतो आहे म्हणून मला कोणी कंपनीचा दलाल समजू नये. दलालाला मेलेल्या मालावर दलाली मिळत नाही.

डस्टरचे प्रकरण आधी घेऊ. जुलै २०१२ मध्ये ती भारतात आली; चेन्नईजवळच्या ओरगडम येथील कारखान्यात ती तयार होई; लांबी ४३१५ मिलिमीटर, जमिनीपासून पोटाची उंची २०५ मिलिमीटर आणि प्रारंभीची किंमत दिल्लीत ७ लाख १९ हजार रुपये. त्या किमतीत खड्ड्यांवरून न कण्हता जाणारी, मागे पाच माणसांचे सामान घेणारी गाडी मिळते याचे लोकांना इतके नवल वाटले की २०१३ सालचा ‘इंडियन कार ऑफ द इयर’ हा मान तिला मिळाला, आणि ज्यांनी तेव्हा तिची स्तुतिस्तोत्रे गायिली त्यांपैकीच पुष्कळ जण काही वर्षांनी तिच्या तक्रारींची यादी घेऊन उभे राहिले. ती यादी मी वाचली आहे. तीत खोटे फारसे नाही. मात्र तीत तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच रकान्यात भरलेल्या आहेत: जे झिजण्यासाठीच बनवले होते ते झिजले, ज्याची निगा राखायची होती ते निगेअभावी बिघडले, आणि जे मुळातच चुकीचे बनवले होते ते मोडले. जमाखर्च लिहिताना किराणा, दंड आणि चोरी या तीन बाबी एकाच नावाखाली टाकणाऱ्या कारकुनाला जुन्या काळी दप्तरातून बाहेर काढले असते. वाहनांच्या बाबतीत मात्र त्यालाच आपण जाणकार म्हणतो.

क्लच घ्या. क्लच प्लेट ही घर्षणावर चालणारी आणि म्हणून घर्षणानेच संपणारी वस्तू आहे. ती किती वर्षे टिकेल हे कारखान्यापेक्षा चालकाच्या डाव्या पायावर अधिक अवलंबून असते. कात्रजच्या किंवा कशेडीच्या चढावर वाहतूक थांबली की हँडब्रेक लावण्याचे कष्ट न घेता अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरणारा, आणि सपाट रस्त्यावरही पेडलवर पाय ठेवूनच प्रवास करणारा गृहस्थ चाळीस हजार किलोमीटरला क्लच जाळतो आणि म्हणतो, ‘या कंपनीचा क्लचच कच्चा!’ त्याच गाडीत दुसरा चालक त्याच्या दुप्पट अंतर काटतो, पण त्याची साक्ष कोणी काढत नाही, कारण ज्याचे काही बिघडले नाही त्याच्याकडे सांगण्यासारखे काही नसते. यापुढची गोष्ट अधिक उद्बोधक आहे. डस्टरसह आजच्या अनेक गाड्यांत क्लच दाबणारा हायड्रॉलिक सिलिंडर गीअरबॉक्सच्या तोंडाशी, आवरणाच्या आत बसवलेला असतो. तो गळू लागला की पेडल खाली जाऊन बसते आणि तो बदलण्यासाठी सबंध गीअरबॉक्स उतरवावा लागतो. म्हणून जाणता मिस्त्री क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि हा सिलिंडर एकदमच बदलायला सांगतो. पण मालकाला सिलिंडर ‘अजून चांगला आहे ना, मग कशाला?’ असे वाटते, तो तेवढे पैसे वाचवतो, आणि काही महिन्यांनी तोच जुना सिलिंडर गळाल्यावर गीअरबॉक्स पुन्हा उतरतो, मजुरी पुन्हा भरावी लागते. झाले! तेथून पुढे ‘हिचा क्लच वर्षात दोनदा गेला’ ही कहाणी पंक्तीत वाढली जाते, आणि त्यातला मालकाच्या काटकसरीचा अध्याय तेवढा गळतो.

बुश आणि लिंक रॉड यांच्याबद्दल तर मला फिर्यादी पक्षाची कीवच येते. रबरी बुशाचे काम धक्का स्वतः सोसून तो गाडीच्या सांगाड्यापर्यंत पोहोचू न देणे एवढेच आहे. तो सोसता सोसता संपला तर त्याने कर्तव्य केले असे म्हणायचे की दगा दिला असे म्हणायचे? पनवेल ते इंदापूर या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि त्यानंतर दशकभर मुंबई-गोवा महामार्गावर कोकणी माणसाने जे सोसले ते त्याच्या गाडीच्या लोअर आर्मनेही सोसले. गणपतीला गावी जाऊन आलेल्या गाडीचे सस्पेन्शन भाद्रपदात वाजू लागते याचा दोष फ्रान्समधल्या आरेखकाला देणे म्हणजे रस्त्याच्या कंत्राटदाराला ससन्मान दोषमुक्त करणे होय. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेने पत्रा खाल्ला, पावसाळ्यात चाकाच्या बेअरिंगमध्ये पाणी शिरले, जिल्हा रस्त्यावरच्या बुजवलेल्या आणि पुन्हा उघडलेल्या खड्ड्यांनी शॉकॲब्सॉर्बरचे तेल बाहेर काढले, या सर्वांचे बिल स्वस्त गाडीच्या नावावर फाडले जाते. आणि त्याच रस्त्यावर दुप्पट किमतीच्या गाडीचे बुश गेले तर? तर त्याला ‘मेंटेनन्स’ म्हणतात. तोच खडखडाट महागड्या गाडीत ऐकू आला की मालक म्हणतो, ‘एवढ्या वर्षांत थोडं करावंच लागतं’. स्वस्त गाडीत ऐकू आला की म्हणतो, ‘हीच तर हिची लक्षणं!’ एकाच बिघाडाला किमतीप्रमाणे दोन निरनिराळी नावे देणारा हा शिरस्ता माझ्या रागाचे खरे मूळ आहे.

याचा सर्वांत मासलेवाईक दाखला खुद्द डस्टरच्याच बॉनेटखाली आहे. तिचे डिझेल इंजिन म्हणजे रेनॉचे ‘के९के’. १४६१ सीसीचे हे इंजिन २००१ पासून प्रचारात असून स्पेनमधील वायादोलिद येथे ते मोठ्या संख्येने तयार होत आले. याच इंजिनाचे एक रूप ‘ओएम६०७’ हे नाव धारण करून युरोपात २०१२ नंतरच्या मर्सिडीज ए-वर्गाच्या काही प्रकारांत बसवले गेले. मूळ आरेखन तेच. पण मर्सिडीजच्या त्रिदल चांदणीखाली ते बसले की त्याला जर्मन अभियांत्रिकीचे तेज चढते आणि रेनॉच्याच डाचिया या उपकंपनीच्या किंवा खुद्द रेनॉच्या चिन्हाखाली बसले की ते ‘फ्रेंच लोकांचं नाजूक काम’ ठरते! या दोन निर्णयांमध्ये इंजिनाविषयी एक अक्षरही नाही. जे काही आहे ते निर्णय देणाऱ्याविषयी आहे.

त्या इंजिनात दोष नाहीत असे मी म्हणतो आहे काय? मुळीच नाही. पहिल्या काही वर्षांतल्या इंजिनांत कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची अकाली झीज होई, हे युरोपातल्या मिस्त्र्यांना चांगले ठाऊक आहे, आणि तेल बदलण्याच्या वाजवीपेक्षा लांबवलेल्या मुदती हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते. धूर पुन्हा इंजिनात वळवणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने चोंदतो. इंजेक्टरांना घाणेरडे डिझेल सोसत नाही. टायमिंग बेल्ट रबराचा आहे, आणि हे इंजिन अशा बांधणीचे आहे की बेल्ट तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळून वरचा सर्व कारभार निकालात निघतो. पण या वाक्यांमधल्या प्रत्येक दोषाला कारण आहे, मुदत आहे आणि उपाय आहे. बेल्ट केव्हा बदलायचा हे मालकाला दिलेल्या पुस्तिकेत किलोमीटर आणि वर्षे या दोन्ही मापांत छापलेले असते, आणि ‘गाडी फार चालत नाही हो आमची’ म्हणणाऱ्याला त्यातले दुसरे माप लागू पडते, कारण रबर उभ्या गाडीतही म्हातारे होते. गाडीबरोबर मिळालेली ही पुस्तिका ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर न काढता ज्याने सात वर्षे जपली, त्याच्या तोंडून ‘बेल्टनं अचानक दगा दिला’ हे वाक्य ऐकताना मला त्या ‘अचानक’ या शब्दाची दया येते.

येथे विरुद्ध पक्ष आपला सर्वांत भारी कागद बाहेर काढील, आणि तो कागद खरा असल्यामुळे त्याची दखल घेणे मला भाग आहे. जर्मनीत नव्या मोटारीची सक्तीची तपासणी पहिल्यांदा तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी होते. टीयूव्ही या तपासणी संस्था त्यांचा अहवाल दरवर्षी प्रसिद्ध करतात. आणि त्या अहवालात डस्टरच्याच घराण्यातली, त्याच सांगाड्यावर उभी असलेली डाचिया लोगान अनेकदा यादीच्या तळाशी आढळते. आता काय म्हणता? म्हणतो असे की हा तक्ता काय मोजतो ते आधी वाचा. तपासणीच्या दिवशी दिवे नीट आहेत की नाहीत, ब्रेकच्या चकत्या किती झिजल्या, सस्पेन्शनचे सांधे सैल आहेत काय, तेल गळते काय, हे तेथे नोंदले जाते. गाडी रस्त्यात किती वेळा बंद पडली हा निराळा प्रश्न असून त्याची निराळी यादी त्या देशातला एडीएसी हा मोटार क्लब प्रसिद्ध करतो. महागड्या गाडीचा मालक, किंवा ती भाडेपट्ट्यावर घेणारी कंपनी, तपासणीपूर्वी गाडी अधिकृत कार्यशाळेत पाठवते आणि झिजलेल्या चकत्या तेथेच बदलल्या जातात. स्वस्त गाडीचा मालक ती थेट तपासणीच्या दारात नेतो आणि ‘काय निघतं ते बघू’ म्हणतो. अशा दोन गाड्यांचे दोष शेजारी मांडून आपण यंत्रांची तुलना केली असे मानणे म्हणजे मालकांच्या पाकिटांची मोजदाद करून तिला पोलादाचा अहवाल म्हणणे आहे. गाडीचे काहीच अंग त्यात उघडे पडत नाही असा माझा दावा नाही. पण या एका कागदावर सबंध कुळाला शिक्षा देणारा न्यायाधीश मी तरी नेमणार नाही.

निगेचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडचा तपशील पाहू. वॉरंटी आहे तोवर गाडी वेळेवर सर्व्हिसला जाते, कारण न गेल्यास वॉरंटी बुडते. वॉरंटी संपली की त्याच गाडीचे तेल ‘पुढच्या महिन्यात’ बदलायचे ठरते, कूलंटऐवजी नळाचे पाणी पडते, एअर फिल्टर झटकून पुन्हा बसवला जातो. म्हणजे पाच वर्षांनंतर गाडी बिघडते हे निरीक्षण अचूक आहे. पाच वर्षांनंतर मालक बदलतो हे निरीक्षण त्यात जोडायचे तेवढे राहून जाते. आणि निवडच चुकीची असते त्याचे काय? एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी सक्तीची झाल्यासारखी झाली. त्या गाळणीत साठलेली काजळी जाळण्यासाठी सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते आणि ते मोकळ्या रस्त्यावर काही वेळ सलग धावल्याशिवाय नीट साधत नाही. आता कोथरूडहून डेक्कनला, डेक्कनहून परत, असा दिवसाकाठी आठ किलोमीटरचा आणि त्यात अकरा सिग्नलांचा प्रवास करणाऱ्या सद्गृहस्थाने लिटरमागे दोन-चार किलोमीटर अधिक मिळतील या हिशेबाने डिझेल एसयूव्ही घेतली, तिची गाळणी चोंदली, न जळलेले डिझेल इंजिनाच्या तेलात उतरू लागले आणि पिवळा दिवा लागला, तर यात विश्वासघात कोणी कोणाचा केला? दुकानदाराने हे आधी सांगायला हवे होते हे मान्य. पण सांगितले असते तर ऐकले असते काय?

सुट्या भागांच्या दुष्काळाची ओरड मी थोडक्यात आवरतो, कारण तीत दम कमी आहे. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले आणि डस्टरची ती पिढी २०२२ च्या सुरुवातीला थांबली, तेव्हा त्या गाड्यांच्या मालकांना सोसायट्यांमधून सांत्वनपर भेटी सुरू झाल्या. पण डस्टरचे डिझेल इंजिन एकट्या डस्टरचे कधीच नव्हते. निस्सानची टेरानो, सनी आणि मायक्रा, महिंद्राची व्हेरिटो, रेनॉच्याच आणखी चार-पाच गाड्या, या सर्वांत त्याच घराण्याचे इंजिन होते, आणि ज्या भागाला इतकी गिऱ्हाइके आहेत तो भाग बनवणारे कारखाने एका शोरूमचे शटर खाली आले म्हणून बंद होत नाहीत. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईच्या ऑपेरा हाउस परिसरात एक चक्कर मारली असती तर निम्मे सांत्वन वाचले असते. बंपर, दिवे, काचा या शरीराच्या भागांना वाट पाहावी लागते हे खरे. तेवढी कबुली देतो आणि पुढे जातो.

कारण खरा मुद्दा पुढे आहे. काही दोष खरोखरच मूळचे असतात, त्यांना ना चालकाचा पाय जबाबदार असतो ना रस्ता, आणि अशा दोषांपुढे मालकाला उपदेश करणे हा अपमान असतो. फोर्डचा ‘पॉवरशिफ्ट’ हा कोरड्या दुहेरी क्लचचा स्वयंचलित गीअरबॉक्स त्यातला. ऑस्ट्रेलियात तो फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्ट या गाड्यांत होता. गाड्या थरथरू लागल्या, ग्राहक तक्रारी घेऊन गेले, आणि थरथर हे गीअरबॉक्सच्या दोषाचे लक्षण आहे हे माहीत असूनही ‘ही तुमच्या गाडी चालवण्याच्या पद्धतीमुळे’ असे उत्तर पुष्कळांना देण्यात आले. तेथील ग्राहक आयोगाने प्रकरण न्यायालयात नेले आणि २०१८ मध्ये फोर्डच्या ऑस्ट्रेलियन कंपनीला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला. चालकाच्या पायावर मी वर जे लिहिले त्याचा आधार घेऊन उद्या कोणा सर्व्हिस मॅनेजरने हेच उत्तर कोणाला दिले तर मी त्या ग्राहकाच्या बाजूने उभा आहे, हे येथेच नोंदवून ठेवतो. इकोस्पोर्टच्याच एक लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनात तेलाचा पंप चालवणारा पट्टा आणि त्याचा ताण राखणारा भाग यांत दोष निघाला, तेलाचा दाब जाऊन इंजिनाचे नुकसान होण्याचा धोका दिसला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत इकोस्पोर्ट व फोकस मिळून सुमारे १ लाख ४० हजार गाड्या परत बोलावण्यात आल्या. हे विरुद्ध पक्षाच्या बाजूचे पुरावे आहेत असे वाटते ना? नीट पाहा. या दोन्ही प्रकरणांत भागाचे नाव आहे, कोणत्या गाड्या ते आहे, बिघाडाची रीत आहे, आणि उत्तरदायी कंपनी आहे. ‘फोर्ड म्हणजे डोकेदुखी’ एवढ्या कैफियतीवर दंड वसूल झाला नसता आणि एकही गाडी परत बोलावली गेली नसती. त्याच इकोस्पोर्टचे साधे मॅन्युअल गीअरचे डिझेल चालवणाऱ्याचा या दोषांशी काही संबंध नाही. पण आपल्या पंक्तीतल्या न्यायासनासमोर तोही त्याच शिक्षेला पात्र ठरतो.

म्हणूनच मी म्हणतो की हे ढोबळ मत दिसायला कंपन्यांच्या विरोधात असले तरी प्रत्यक्षात त्यांच्याच पथ्यावर पडते. ‘स्वस्त गाडी अशीच असायची’ हे एकदा ग्राहकानेच मान्य केले की निर्मात्याला जाब विचारण्याचे कारण उरत नाही. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने सदोष वाहने परत बोलावण्याची तरतूद आली, एप्रिल २०२१ पासून ती अमलात आली, दंडाची मर्यादा १० लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत ठेवण्यात आली, आणि तक्रारी नोंदवण्यासाठी सरकारी पोर्टलची व्यवस्था झाली. ही यंत्रणा तक्रारींच्या संख्येवर हलते आणि तिचा आवाका सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांपुरता आहे. आता पाचव्या वर्षी गाडी फुंकून टाकणारा सुज्ञ मालक काय करतो ते पाहा: त्याला खडखडाट ऐकू आलेला असतो, दिवा लागलेला दिसलेला असतो, पण तक्रार नोंदवली तर विक्रीची किंमत पडेल म्हणून तो ती नोंदवत नाही, मिस्त्रीकडून दिवा तात्पुरता विझवून घेतो, गाडी पॉलिश करून घेतो, आणि ‘एकदम मस्त कंडिशन’ म्हणून ती अशा माणसाच्या गळ्यात मारतो ज्याची ऐपत त्याच्याहून कमी असते. त्या दुसऱ्या मालकाकडे कायद्याची दोनच वर्षे शिल्लक उरतात, सर्व्हिसची वही नसते, आणि जो खर्च पहिल्याने टाळला तो सर्व व्याजासह त्याच्या वाट्याला येतो. नंतर तो हतबल होऊन गाडीला शिव्या घालू लागला की पहिला मालक पंक्तीत म्हणतो, ‘बघा, मी म्हटलं नव्हतं?’ याला व्यवहारचातुर्य म्हणण्याची पद्धत आहे. मला त्यासाठी वेगळा शब्द सुचतो, पण तो छापण्याजोगा नाही.

बरे, चातुर्य म्हणून तरी ते टिकते काय? मोटार विम्याच्या तक्त्यात गाडीचे मूल्य ठरवताना पहिल्या सहा महिन्यांतच ५ टक्के घसारा धरतात, वर्ष होईपर्यंत तो १५ टक्के होतो आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. बाजारातला भाव थोडा वरखाली असेल, पण दिशा हीच. म्हणजे दहा लाखांची गाडी धरली तर पाच वर्षांत तिच्या किमतीतून पाच लाख, वर्षाला सरासरी एक लाख, नुसते वितळून जातात; आणि घसाऱ्याचा मोठा घास गिळून झाल्यावर, जेव्हा गाडी जवळपास फुकट सेवा देण्याच्या वयात येते, नेमके तेव्हा हा हिशेबी गृहस्थ ती विकतो आणि नव्या कर्जाने नव्या घसाऱ्याची सुरुवात करतो! सहाव्या-सातव्या वर्षी ज्या खर्चाच्या भीतीने तो पळाला तो खर्च, म्हणजे क्लचचा पूर्ण संच, टायमिंग बेल्ट आणि त्याबरोबरचा वॉटर पंप, पुढचे बुश, लिंक रॉड, शॉकॲब्सॉर्बर, हे सर्व एकाच वर्षी करून घेतले तरी चांगल्या खासगी गॅरेजात त्याची बेरीज त्या एका वर्षाच्या घसाऱ्याला क्वचितच गाठते, आणि नंतर ती कामे कित्येक वर्षे पुन्हा निघत नाहीत. क्लचच्या बिलाला नाव असते, ते हाती पडते, म्हणून बोचते; घसाऱ्याचे बिल कोणी हातात देत नाही, म्हणून त्याचे दुःख होत नाही. एवढ्याशा मानसिक दुबळेपणाला आम्ही ‘गाडीची विश्वासार्हता’ असे भारदस्त नाव देऊन बसलो आहोत.

दिल्ली परिसरासारख्या ठिकाणी डिझेल गाडीच्या वयावरच न्यायालयीन आदेशांची कात्री चालली, तेथील माणसाचे गणित वेगळे. त्याला मी येथे ओढत नाही. पण सातारा, नाशिक, लातूर, रत्नागिरी येथल्या माणसाला दिल्लीची सबब उपलब्ध नाही. आपल्याकडे खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि नंतर तपासणी करून ती वाढवता येते. सरकारने पंधरा वर्षांचा परवाना दिलेल्या वस्तूला पाचव्या वर्षी वार्धक्याचा दाखला देण्याचा अधिकार शेजारच्या काकांना कोणत्या सनदेने मिळाला, हे कोणी मला दाखवून द्यावे.

तेव्हा यापुढे अमुक छोटी एसयूव्ही ‘कामातून जाते’ असे जो म्हणेल त्याने भागाचे नाव सांगावे, गाडीचे वर्ष आणि इंजिन सांगावे, किती किलोमीटरला तो भाग गेला ते सांगावे, आणि तोवर तेल, फिल्टर, बेल्ट केव्हा बदलले ते जॉब कार्डांवरून दाखवावे. भाग मूळचाच सदोष निघाला तर मेहुण्याच्या मित्राला सांगण्याआधी त्याने पोर्टलवर तक्रार दाखल करावी, कंपनीला लेखी नोटीस द्यावी, आणि गरज पडल्यास जिल्हा ग्राहक आयोगाची पायरी चढावी. त्या पायरीवर मी त्याच्या सोबत येईन. भाग झिजण्याजोगाच असेल तर त्याने तो बदलावा आणि त्याची चर्चा करू नये, जशी तो चपलेच्या टाचेची करीत नाही. आणि यांतले काहीच करायचे नसेल, गाडीचा केवळ कंटाळा आला असेल, तर त्याने ती खुशाल विकावी, पण ‘कंटाळा आला’ असे सांगून विकावी, आणि घेणाऱ्याच्या हाती सर्व्हिसची वही कोऱ्या पानांसह द्यावी, म्हणजे बिघाड नेमका कोणाचा होता ते त्याला वाचता येईल.